पंखा पुसायचा, पण आधी मेन बंद!

(रायगडच्या किनाऱ्यावरील श्रोत्यांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

मे महिना सरत आलाय. आगोटीची गडबड सुरू आहे. मसाला कुटून झाला असेल, सुकी मासळी डब्यात गेली असेल, लाकूडफाटा पडवीत रचला असेल. कौलांची घरं शाकारायला माणसं मिळेनाशी झालीत. १ जूनला होड्या किनाऱ्यावर येतील आणि मग मिरग. या सगळ्या यादीत एक काम आम्ही आज घालणार आहोत, ते म्हणजे घरातले पंखे. ते पुसायचे कसे, आणि पावसाचं, पुराचं किंवा खाडीचं पाणी लागलं तर त्यांचं करायचं काय, एवढाच आजचा विषय.

विषय छोटा वाटेल. पंखा काय, स्टुलावर चढलं आणि फडका मारला. पण घरातलं विजेचं एवढं मोठं यंत्र आपण हाताने, बहुतेक वेळा ओल्या फडक्याने, डोक्याच्या वर हात करून पुसतो. आणि हे काम घरोघरी बाईच करते. म्हणून हे बोलणं आपल्यासाठी आहे.

खोपोली, भिवपुरी, भिरा ही पाण्यापासून वीज करणारी जुनी केंद्रं आपल्याच जिल्ह्यातली. खोपोलीचं तर १९१५ सालचं. पाणी आणि वीज यांचं नातं रायगडकरांना नवीन नाही. धरणावर ते नातं कामाचं आहे. घरात मात्र या दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

आधी एक हिशेब करू. बचत गटात आपण पै-पैचा हिशेब ठेवतो, तसाच हा विजेचा. आपला जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. घरातली वीज २३० व्होल्टची. म्हणजे तो पंखा चालायला सुमारे ३२५ मिलिअँपिअर इतका प्रवाह लागतो. आता माणसाचं ऐका. त्यातला ३० मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा प्रवाह छातीतून जात राहिला, तरी जीव धोक्यात येतो. जो प्रवाह पंख्याला धड फिरवूही शकणार नाही, तो माणसाला पुरतो.

मग कुणी म्हणेल, आमच्या घरी नवीन बोर्ड आहे, एमसीबी आहे, काही झालं की खटका आपोआप पडतो. खटका पडतो हे खरं. पण कधी? पंख्या-दिव्यांच्या लाइनवरचा एमसीबी साधारण ६ अँपिअरचा असतो. ६ अँपिअर म्हणजे ६००० मिलिअँपिअर, त्या ३० च्या दोनशे पट. एमसीबी असतो वायर जळू नये म्हणून. तुमच्या अंगातून ३० मिलिअँपिअर गेला तर त्याला पत्ताही लागत नाही. माणसाला वाचवणारं यंत्र वेगळं असतं. त्याला आरसीसीबी म्हणतात, जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. ते कसं ओळखायचं ते पुढे सांगतो.

आता कोरडा हात आणि ओला हात यातला फरक. कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते. ओल्या, घामेजल्या कातडीचा अडसर कितीतरी कमी होतो. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात घाम निथळत असतो, हातात साबणाच्या पाण्याचा फडका असतो, पायाखाली नुकतीच पुसलेली लादी असते. शॉक बसायला याहून सोयीची वेळ नाही. म्हणून पंखा पुसणं हे फरशी पुसण्याच्या दिवशी, त्याच ओलीत करायचं काम नव्हे. ते वेगळ्या दिवशी, कोरड्यात, दिवसाउजेडी करायचं.

मग करायचं कसं? क्रमाने सांगतो.

पहिलं, नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून स्टुलावर चढायचं नाही. कित्येक जुन्या घरांत वायरिंग करताना बटण चुकीच्या वायरवर घेतलेलं असतं. वीज आणणारी वायर ती फेज, परत नेणारी ती न्यूट्रल. बटण फेजवर असायला हवं. ते न्यूट्रलवर घेतलेलं असलं, तर बटण बंद केल्यावर पंखा थांबतो खरा, पण पंख्यापर्यंत वीज आलेलीच असते. पंखा थांबलाय म्हणून तो मेलाय असं धरून चालत नाही. रेग्युलेटर शून्यावर आणणं म्हणजेही वीज तोडणं नाही. म्हणून मेन स्विच बंद करायचा.

दुसरं, आणि हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्याबरोबर इन्व्हर्टर चालू होतो, आणि तो सगळ्यात आधी वीज देतो पंख्यांना आणि दिव्यांना. त्यासाठीच तो घेतलेला असतो. म्हणजे मेन बंद केला, निर्धास्त झालो, आणि पंख्यात मात्र वीज आहे. म्हणून इन्व्हर्टरचं बटणही बंद करा. इन्व्हर्टरची लाइन बोर्डावर कुठून निघते ते वायरमनकडून एकदा दाखवून घ्या आणि त्या खटक्यावर रंगाची खूण करून ठेवा.

तिसरं, खात्री करा. मेन आणि इन्व्हर्टर बंद केल्यावर पंख्याचं बटण दाबून बघा. फिरला नाही, दिवाही लागला नाही, की बटण पुन्हा बंद करा. घरात टेस्टर असेल तर तो आधी चालू जागी लावून पेटतो का ते बघून ठेवलेलं असावं, कारण बिघडलेला टेस्टर सगळीकडे 'वीज नाही' असंच सांगतो.

चौथं, घरातल्या सगळ्यांना सांगा. 'मी पंखा पुसते आहे, मेनला कुणी हात लावू नका.' पोरं मोबाइल चार्जिंगला लावायला जातात, लाइट नाही म्हणून मेन वर करतात. बोर्डावर कागद चिकटवा. लहान मूल किंवा विसरभोळं माणूस घरात असेल, तर बोर्डापाशी कुणाला तरी बसवा.

पाचवं, चढायचं कशावर? डगमगणाऱ्या खुर्चीवर नको, खाटेवर ठेवलेल्या स्टुलावर तर नकोच. चार पाय नीट टेकतील असं लाकडी स्टूल किंवा घोडा घ्या. खाली एक जण धरून उभी राहू दे. साडीचा पदर, ओढणी खोचून घ्या. विजेचा धक्का हलका असला तरी माणूस दचकून खाली पडतो, आणि कंबर मोडते ती पडल्यामुळे. घरात एकट्या असाल तर ते काम त्या दिवशी करू नका. पंखा आणखी दोन दिवस मळका राहिला तर काही बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष पुसणं. खाली जुनी चादर अंथरा. पात्यावर उशीचा जुना अभ्रा मोज्यासारखा चढवा आणि दाबून पुढे ओढून घ्या. धूळ अभ्र्यातच राहते, डोळ्यांत आणि अंथरुणावर पडत नाही. दुसऱ्या हाताने पात्याला खालून आधार द्या. पातं वाकलं तर पंखा थरथरतो, आणि थरथरणाऱ्या पंख्याचे नट ढिले होतात.

आपल्याकडची धूळ कोरडी नसते. खाऱ्या वाऱ्याने ती चिकट होते. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, जिथे जिथे घरासमोर समुद्र आहे तिथे महिन्याभरात पात्यांवर चिकट थर बसतो. तो कोरड्या फडक्याने निघत नाही. त्यासाठी साबणाच्या पाण्यात फडका बुडवा आणि इतका घट्ट पिळा की दाबला तरी थेंब पडू नये. त्याने पाती पुसा. मग गोड्या पाण्याचा पिळलेला फडका, म्हणजे मीठ निघून जाईल. शेवटी कोरडा फडका. मधल्या गोल भागाला, जिथे मोटर आहे, ओला फडका लावायचाच नाही. तिथे कोरडा फडका किंवा रंग द्यायचा कोरडा ब्रश. पाणी फवारायचं नाही, फवाऱ्याचा साबण मारायचा नाही. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसायचं नाही. चकाकी येते, पण आग लागायला एक ठिणगी पुरते.

वर चढलोच आहोत तर दोन गोष्टी डोळ्यांनी बघून घ्या. छताजवळची वाटी सरकली आहे का? हूक, नटबोल्ट आणि त्यातली ती दुमडलेली छोटी पिन, तिला स्प्लिट पिन म्हणतात, यांना गंज चढलाय का? खारी हवा लोखंड खाते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. खिडकीच्या गजांचं काय होतं ते आपण बघतो. तसंच त्या पिनेचं होतं, फक्त ती वाटीच्या आड असते म्हणून दिसत नाही. कौलारू घरात हूक तुळईला ठोकलेला असतो. ती तुळई वाळवीने पोखरली असेल तर पंख्याचं वजन कशाच्या जिवावर आहे? गंज दिसला, तर पंखा तसाच चालू न ठेवता वायरमनला बोलवा. वाटीत हात घालू नका. तिथे वायरचे जोड असतात, आणि पुष्कळ पंख्यांचा कंडेन्सरही तिथेच असतो. वीज तोडल्यावरही कंडेन्सरमध्ये थोडा वेळ वीज साठून राहू शकते.

पुसून झालं की अर्धा तास थांबा. मग मेन चालू करा, रेग्युलेटर एकवर ठेवा आणि बटण दाबून लांब उभ्या राहा. नुसताच घूं आवाज येतो का, डुलतो का, वास येतो का ते बघा. तसं काही असेल तर लगेच बंद.

टेबल फॅन आणि उभा पंखा यांचं सोपं. आधी प्लग काढा. वायर ओढून काढू नका, प्लग धरून काढा. पुढची जाळी सोडवा. पात्यावरची मधली टोपी बहुतेक पंख्यांत उलटी फिरते, म्हणजे आपण बरणीचं झाकण घट्ट करायला फिरवतो त्या दिशेला ती सुटते. जोर लावून तोडू नका. जाळी आणि पातं मोरीत नेऊन साबणाने खुशाल धुवा. उन्हात पूर्ण वाळवा. मागचा मोटरचा भाग मात्र मोरीत न्यायचा नाही. त्याला कोरडा ब्रश. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर तळणीचं तेल आणि धूर बसून चिकटा होतो. त्याचंही तसंच, प्लग काढल्याशिवाय हात नाही. तो भिंतीत घट्ट बसवलेला असेल आणि प्लग दिसत नसेल, तर मेन बंद.

हे झालं नेहमीच्या साफसफाईचं. आता पाणी लागलं तर काय, ते ऐका.

३ जून २०२० चा दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरहून जोरात वारा होता. कौलं उडाली, पत्रे उडाले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांब ओळीने पडले. छप्पर गेलं की पाऊस थेट घरात. म्हणजे त्या दिवशी किती घरांतले पंखे, बोर्ड, वायरी भिजल्या असतील याचा विचार करा. कित्येक गावांत पुढचे अनेक आठवडे वीज नव्हती.

अशा वेळी वीज नाही याचा त्रास होतो, पण पंख्यापुरतं बोलायचं तर तोपर्यंत धोका नसतो. धोका असतो वीज परत येते त्या दिवशी. वादळात लाइट गेली तेव्हा पंखे चालू होते, बटणं तशीच खाली राहिली. मग एखाद्या संध्याकाळी अचानक लाइट येते. घरभर आनंद होतो आणि भिजलेल्या पंख्यात, भिजलेल्या बोर्डात वीज खेळू लागते. म्हणून वादळाचा इशारा आला की, किंवा वीज गेली की, सगळी बटणं बंद, प्लग बाहेर, आणि घर सोडून जायचं असेल तर मेन बंद. परत वीज आली की एकेक गोष्ट चालू करायची, तीही पाणी कुठे कुठे लागलंय ते बघून.

कुणी जनरेटर आणला तर तो घराच्या वायरिंगला थेट जोडू देऊ नका. ती वीज उलटी खांबावर जाते, आणि तारा जोडायला वर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो. तोही कुणाच्या तरी घरचा आहे.

कौलातून गळून पंखा भिजला तर पाणी दांड्यावरून ओघळून थेट मोटरमध्ये उतरतं. खालून बघितलं तर पातं कोरडं दिसतं. छतावर ओल, दांड्यावर ओघळ, पंख्यातून तांबडं गंजाचं पाणी, जळका वास, नेहमीपेक्षा मंद फिरणं, या खुणा ओळखा. आणि एक समज सोडून द्या, की पंखा चालूच ठेवला तर त्याच्याच वाऱ्याने तो सुकेल. वारा पात्यांचा असतो, पाणी मोटरच्या पोटात असतं. तिथे आधी वीज पोचते आणि वाइंडिंग जळतं, किंवा वीज पंख्याच्या अंगावर आणि दांड्यावर उतरते. भिजलेला पंखा बंद. त्याचा एमसीबी बंद. त्याच्या खालची खाट सरकवा. मग वायरमन.

वायरमन तो पंखा खाली उतरवेल, पाती सुटी करेल, मोटर सुकवेल. सुकवायची कुठे? उन्हाळ्यात दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवून भागतं. भर पावसात मात्र आपल्याकडे वाळत घातलेलं लुगडं चार दिवस दमट राहतं, तिथे मोटरचं वाइंडिंग कसं वाळेल? तेव्हा ते काम दुकानात, दिव्याच्या ऊबेवर होतं. घरी चुलीवर किंवा गॅसवर धरून मोटर सुकवू नका. तारेवरचा लेप वितळतो आणि पंखा कायमचा जातो. सुकल्यावर मेगर नावाच्या यंत्राने तपासायला सांगा. वीज तारेतून बाहेर पाझरते आहे का हे त्यात कळतं. आकडा निदान १ मेगाओमच्या वर हवा. त्याहून कमी आला तर पंखा अजून ओला आहे. 'चालवून बघू' असं कुणी म्हणालं, तर आधी 'मेगर लावलात का' हे विचारा. विचारायला लाजू नका, पैसे आपण देतो.

पुराचं पाणी आणि समुद्राचं पाणी यांत फरक आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, बाजारपेठ बुडाली, घरांत चिखल झाला. ते पाणी गोडं, पण गढूळ. त्यात गाळ असतो, तो बेअरिंगमध्ये बसतो, ग्रीस धुवून नेतो. असा पंखा उघडून, धुवून, सुकवून, बेअरिंग आणि कंडेन्सर बदलून पुष्कळदा वाचतो.

खाडीचं पाणी वेगळं. खारेपाटात बांध फुटला की उधाणाचं पाणी घरात येतं. त्या पाण्यात बुडालेला पंखा वाळला तरी त्याच्या पोटात मीठ राहतं. आता मिठाचं काय होतं ते आपल्याहून चांगलं कुणाला माहीत? श्रावणात मिठाची बरणी उघडी ठेवा, संध्याकाळपर्यंत मिठाला पाणी सुटतं. तसंच त्या वाइंडिंगवरच्या मिठाचं. मे महिन्यात पंखा अगदी ठणठणीत चालतो आणि पाऊस सुरू झाला की तेच मीठ हवेतली ओल ओढून घेतं. मग तिथून वीज पाझरते, तार आतून कुजते. म्हणून खाऱ्या पाण्यात भिजलेला पंखा आधी वायरमनकडून उघडून गोड्या पाण्याने धुवून घ्यावा लागतो, नंतर सुकवणं, नंतर मेगर. छताचा चांगला पंखा असेल तर रिवाइंडिंगचा आणि नव्या पंख्याचा खर्च विचारून तुलना करा. टेबल फॅन पूर्ण खाऱ्या पाण्यात बुडाला असेल तर आमचं सांगणं सरळ आहे, त्याचा मोह सोडा. वायर कापून टाका, म्हणजे भंगारातून दुसऱ्या कुणाच्या घरी तो पुन्हा चालू व्हायचा नाही.

हल्ली कमी विजेवर चालणारे, रिमोटचे बीएलडीसी पंखे आले आहेत. ३० वॅटच्या आसपास वीज खातात, बिल वाचतं, घ्यावेतच. पण त्यांच्या पोटात इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. ती पाण्याला फार नाजूक. गळक्या छपराखाली हा पंखा लावण्याआधी छप्पर दुरुस्त करा. भिजला तर गावात उघडायला न देता कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात द्या.

घरात पाणी शिरलेलं असेल तर पंख्याचा विचार नंतर. मीटर आणि मेन कुठे आहे ते आधी बघा. मेनपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागत असेल, तर जायचं नाही. महावितरणला १९१२ वर फोन करा आणि खांबावरून वीज तोडायला सांगा. कपड्यांसाठी, कागदपत्रांसाठी, देवासाठीसुद्धा त्या पाण्यात पाय घालायचा नाही. देव समजून घेतो. रस्त्यात तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका. गुरं, पोरं लांब ठेवा आणि फोन करा. निसर्ग वादळात अलिबाग तालुक्यात विजेचा खांब अंगावर पडून माणूस दगावला होता. तेव्हा सोसाट्यात खांबाच्या आडोशालाही उभं राहू नका.

आता कुणाला शॉक बसलाच तर. चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आई असो, मूल असो, आपला हात आपोआप पुढे जातो, आणि मग एकाच्या जागी दोघं जातात. आधी मेन बंद. तो लांब असेल तर प्लग ओढा. तेही जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरडं लाकूड किंवा प्लॅस्टिकचं स्टूल यांनी त्याला तारेपासून ढकला. ओली काठी नको, लोखंडी नळी नको. सुटल्यावर तो हाकेला ओ देत नसेल आणि श्वास दिसत नसेल, तर १०८ ला फोन करायला एकीला सांगा आणि दुसरीने छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोराने दाबायला लागा. मोठ्या माणसाची छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर आळीपाळीने करा. माणूस उठून बसला, 'मला काही झालं नाही' म्हणाला, तरी दवाखान्यात न्या. विजेचा मार बाहेर दिसतो त्याहून आत जास्त असतो.

आता त्या आरसीसीबीचं. तुमच्या बोर्डावर जा आणि बघा. ज्या खटक्याजवळ 'टी' हे इंग्रजी अक्षर असलेलं एक छोटं बटण आहे, तो आरसीसीबी. त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असावं. जेवढी वीज घरात गेली तेवढी परत आली नाही, मधे कुणाच्या अंगातून जमिनीत गेली, की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतो. महिन्यातून एकदा वीज चालू असताना ते बटण दाबा. खटका पडला तर यंत्र जिवंत आहे. पडला नाही तर बदलायला हवं. असं बटण बोर्डावर दिसतच नसेल, तर ते बसवून घेणं हे या वर्षीच्या आगोटीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम समजा. पैसे एकदम निघत नसतील तर बचत गटात बोला. शिलाई मशीनला, शेळीला कर्ज देतो, तसं याला द्यायला काय हरकत आहे? काशीद, नागाव, दिवेआगर, इथे ज्या मैत्रिणी घरगुती खोल्या पाहुण्यांना देतात, त्यांनी तर हे टाळूच नये. पाहुणा समुद्रातून ओल्या अंगाने येतो आणि तसाच पंख्याच्या बटणाला हात लावतो. त्याच्या जिवाची जबाबदारी आपल्या दाराशी आलेली असते.

त्याच्या जोडीला अर्थिंग. तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसवण्यासाठी जाडी पिन मोडून टाकणं बंद करा. ती पिन मोडली की पंख्याच्या लोखंडी अंगावर उतरलेली वीज जायला तुमच्या अंगाशिवाय दुसरी वाट उरत नाही. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. जांभ्याच्या जमिनीत ओल टिकत नाही आणि कोरड्या खड्ड्यातलं अर्थिंग नावापुरतं राहतं.

शेवटी एकच बोलतो, आणि ते मनावर घ्या. आपण सांगतो, 'उभ्या पंख्याला हात लावला की झिणझिण्या येतात.' घरातलं कुणी म्हणतं, 'चप्पल घालून लाव.' आपणही चप्पल घालून लावतो आणि महिने जातात. मैत्रिणींनो, झिणझिण्या ही तक्रार नाही, ती सूचना आहे. वीज बाहेर आलेली आहे, फक्त आज तिला वाट पुरती मिळालेली नाही. आज चप्पल होती, लादी कोरडी होती. पावसाळ्यात लादी कोरडी राहणार नाही, आणि त्या पंख्याला हात लावणारी तुमची रांगती नात असेल. झिणझिण्या आल्या त्याच क्षणी ती वस्तू बंद करा, प्लग काढा, प्लगला चिंधी बांधून ठेवा म्हणजे कुणी चुकून लावणार नाही, आणि दुरुस्त होईपर्यंत हट्टाने बंद ठेवा. 'एवढ्याशा गोष्टीसाठी वायरमन कशाला' असं कुणी म्हणालं, तर मघाचा हिशेब सांगा. पंख्याला लागतो त्याच्या दहावा हिस्सा.

मिरगाला अजून थोडे दिवस आहेत. कौलं शाकारायला माणूस येईल तेव्हा पंख्याच्या वरची कौलं आधी बघायला सांगा. वायरमन एकाच्या घरी येणार असेल तर चार घरांनी मिळून बोलवा, त्यालाही फेरी परवडते. मेन कुठला, इन्व्हर्टरचा खटका कुठला, 'टी'चं बटण कुठलं, हे घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या सासूबाईंना आणि दहा वर्षांच्या पोरालाही, उद्याच हात लावून दाखवा.

पाऊस भरपूर येवो, विहिरी भरोत, आणि घरं कोरडी राहोत.